मुंबईचा नगरनिधी आणि हिशेब तपासण्याचा अधिकार

स्थानिक संस्थेचा आर्थिक कारभार कसा आहे हे ठरवताना खर्चाचे आकडे पाहण्याआधी, पैसा खर्च करणारा कोण आणि त्याला हिशेब विचारणारा कोण, हे पाहावे लागते. कारण हे दोघे एकच असतील तर उत्तम कारभारसुद्धा लोकांना उत्तम आहे म्हणून पटवून देता येत नाही. मुंबई नगरपालिकेचा 1865 ते 1888 या काळातील इतिहास हे फार स्पष्टपणे दाखवतो.

1865 च्या कायद्याने शहराचा निधी ‘जस्टिसेस ऑफ द पीस’ या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे सोपवला, मात्र कारभाराची सारी सूत्रे सरकारने नेमलेल्या एका पूर्णवेळ आयुक्ताच्या हाती दिली. जस्टिसांनी कराचे दर ठरवावेत, वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर करावे, आणि नंतर वर्षभर काय चालले आहे हे बहुतांशी आयुक्ताच्या तोंडून ऐकावे, अशी ही रचना होती. आयुक्त म्हणून आर्थर क्रॉफर्ड आले ते नेमक्या उतरत्या काळात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी त्याच वर्षी ओसरली, शेअरबाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या, आणि घरपट्टी भरणाऱ्या कित्येक घरमालकांची ऐपतच उरली नाही. क्रॉफर्ड यांचा कामाचा झपाटा मात्र तेजीच्या दिवसांतलाच राहिला. गटारे, रुंद रस्ते, आरोग्यखाते आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली मंडई यांवर पैसा ओतला गेला. शहराचे आरोग्य सुधारले यात शंका नाही, आणि हे श्रेय त्यांच्याकडून काढून घेणे अन्यायाचे ठरेल. पण मंजूर रकमेपलीकडे खर्च होत गेला आणि मंडळाला त्याचा पत्ता लागेपर्यंत निधीत खड्डा पडलेला होता.

ही ओढ सर्वाधिक जाणवली ती करदात्याला. घरपट्टी, पाणीपट्टी, गाड्यांवरील चाकपट्टी, शहरात येणाऱ्या मालावरील जकात आणि मैला व केरकचरा वाहून नेण्यासाठीचा ‘हलालखोर’ कर असे अनेक कर तो भरत होता. ज्या सफाई कामगारांच्या श्रमावर शहर उभे होते, त्यांच्या जातिवाचक नावाने हा शेवटचा कर ओळखला जावा आणि तो शब्द पुढे कायद्याच्या पुस्तकातही राहावा, ही त्या काळच्या हिशेबवहीतील बोचणारी नोंद आहे.

1871 मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला आणि जेम्स फोर्ब्स यांच्या पुढाकाराने जस्टिसांच्या मंडळात आयुक्तपदाच्या अधिकारांवरच हल्ला झाला. त्या वादळात 26 वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी लोकमताच्या विरुद्ध जाऊन क्रॉफर्ड यांची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे असे होते की, अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी, ती समितीकडे देऊन दोष मिटणार नाही. दोष आहे तो त्याच्यावर देखरेख करणाऱ्या मंडळात, कारण ते करदात्यांनी निवडलेले नाही आणि म्हणून करदात्यांना उत्तरही देत नाही. त्या वेळी या विचारावर टीकेची झोड उठली. तरीही संपूर्ण वादात रोगाचे मूळ अचूक ओळखणारे निदान हेच होते, असे म्हणावे लागते.

1872 च्या कायद्याने 64 सभासदांची नगरपालिका स्थापन झाली. त्यांपैकी 32 करदात्यांनी, 16 जस्टिसांनी निवडायचे आणि 16 सरकारने नेमायचे होते. आर्थिक देखरेखीसाठी 12 जणांची ‘टाउन कौन्सिल’ नेमली गेली. मतदानाचा हक्क मात्र वर्षाला निदान 50 रुपये कर भरणाऱ्यालाच होता, म्हणजे चाळीत भाडे भरून राहणारा गिरणी कामगार या हिशेबाच्या पूर्णपणे बाहेर राहिला. ‘लोकांचे नियंत्रण’ हा शब्द या काळासाठी वापरताना ही मर्यादा विसरून चालणार नाही.

पुढे 1888 च्या कायद्याने टाउन कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली. हा कायदा विधिमंडळात घडत असताना मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही तेथे सभासद होते. या कायद्यातील खरी ताकद साध्या दिसणाऱ्या तरतुदींत आहे. अंदाजपत्रकात ज्यासाठी तरतूद नाही त्यासाठी नगरनिधीतून पैसा द्यायचा नाही, हा दंडक त्याने घातला. आयुक्ताने अंदाज मांडायचे, स्थायी समितीने ते तपासून पालिकेपुढे ठेवायचे, आणि हिशेबांवर समितीने दर आठवड्याला नजर टाकायची, अशी साखळी त्याने बांधली. वर्षाअखेरीस लागणारा पत्ता आठवड्यात लागावा, हा क्रॉफर्डच्या काळाने शिकवलेला धडा त्यात उतरला आहे. पुढे मुख्य लेखापरीक्षक, म्हणजे हिशेब तपासणारा प्रमुख अधिकारी, हेही पद आले. त्याची नेमणूक आयुक्ताकडे न ठेवता महापालिकेकडे ठेवली गेली, आणि त्यामुळेच त्याच्या अहवालाला वजन आले.

ही साखळी किती नाजूक आहे हे अलीकडेच दिसले. महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणूक लांबली, आणि आयुक्तच प्रशासक झाले. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी अंदाजपत्रक तपासायला ना स्थायी समिती होती ना सभागृह. ते मांडणारे प्रशासन आणि त्याला मंजुरी देणारा प्रशासक यांच्यात लोकांनी निवडलेले कोणीच उरले नव्हते. यांतील शेवटचे अंदाजपत्रक 74 हजार कोटी रुपयांहून मोठे होते.