सवलत नको, हक्क हवा : अमेरिकेतल्या बाप्टिस्टांची लढाई

अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्याची गोष्ट सहसा फार सोपी करून सांगितली जाते. इंग्लंडात छळ झाला, लोक जहाजात बसून निघाले आणि अमेरिकेत सगळ्यांना मोकळीक मिळाली. यातला छळाचा भाग खरा आहे. मोकळिकीचा मात्र नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये आलेल्या प्युरिटनांना मोकळीक हवी होती, पण ती स्वतःपुरती. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने म्हटलं, की माणसाच्या श्रद्धेवर सरकारचा अधिकार चालत नाही. 1635 साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. तो दक्षिणेकडे गेला आणि नॅरागॅन्सेट लोकांकडून जमीन मिळवून 1636 मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. अमेरिकेतली पहिली बाप्टिस्ट मंडळी तिथेच उभी राहिली. गंमत म्हणजे विल्यम्स स्वतः काही महिन्यांतच त्या मंडळीतून बाहेर पडला, पण मत बदललं नाही.

आता बाप्टिस्टांचं म्हणणं काय होतं? तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊ नये, ज्याला समजून-उमजून विश्वास ठेवता येतो त्यालाच द्यावा. तुम्ही म्हणाल, यात सरकारने घाबरण्यासारखं काय आहे? आहे ना! प्युरिटन गावात सभासदांची मुलं जन्मल्याबरोबर चर्चच्या छत्राखाली येत. चर्च आणि गावचा कारभार एकमेकांत गुंतलेले होते. श्रद्धा जन्माने मिळत नाही असं एकदा मान्य केलं, की ती कायद्यानेही लादता येत नाही. म्हणून 1644 मध्ये तिथे बाप्टिस्टांना हद्दपार करण्याचा कायदाच झाला.

1651 मध्ये न्यूपोर्टहून तिघे जण लिन गावी एका वृद्ध, अंध बाप्टिस्टाला भेटायला गेले. रविवारी त्याच्या घरात उपासना चालू असतानाच त्यांना पकडलं. त्यातल्या ओबडाया होम्सला तीस पौंड दंड झाला. मित्र पैसे भरायला तयार होते, पण त्याने नाही म्हटलं. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं त्याला वाटत होतं. मग बॉस्टनमध्ये भर रस्त्यात त्याला तीस फटके मारले गेले. तीनच वर्षांनी, 1654 मध्ये, हार्वर्डचे पहिले अध्यक्ष हेन्री डन्स्टर यांना तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला विरोध केल्यामुळे पद सोडावं लागलं.

पुढे फटके थांबले, पण कर राहिला. गावच्या काँग्रिगेशनल पाद्र्याचा पगार सगळ्यांच्या करातून निघायचा. 1728 पासून बाप्टिस्टांना त्यातून सूट मिळू लागली, पण 'मी खरोखर बाप्टिस्ट आहे' असा दाखला आणून द्यायचा. ॲशफील्ड गावात तर 1770 मध्ये या कराच्या वसुलीसाठी बाप्टिस्टांची जवळपास 400 एकर जमीन विकली गेली.

इथे आयझॅक बॅकस हा माणूस महत्त्वाचा ठरतो. त्याच्या विधवा आईला असाच कर न भरल्याबद्दल 1752 मध्ये कनेक्टिकटमध्ये तुरुंगात जावं लागलं होतं. 1773 मध्ये बॅकसने आपल्या लोकांना सांगितलं, की दाखले देणं बंद करा. का? सूट मागायची म्हणजे सूट देणाऱ्याचा अधिकार मान्य करायचा. होम्सने दंड नाकारला त्यामागेही हेच होतं, नाही का? तेव्हा चहावरच्या करावरून वसाहती पेटल्या होत्या. बॅकसने विचारलं, चहाचा कर टाळायचा तर चहा न घेण्याचा मार्ग तरी तुम्हाला आहे. आम्हाला कोणता आहे? 1774 मध्ये फिलाडेल्फियात त्याने हे गाऱ्हाणं जॉन ॲडम्ससारख्या नेत्यांपुढे मांडलं. दाद मिळाली नाही.

व्हर्जिनियात तर परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट उपदेशक तुरुंगात जात होते. तरुण जेम्स मॅडिसनला ते पाहून संताप आला, आणि त्याने 1774 च्या एका पत्रात तो लिहूनही ठेवला. पुढे व्हर्जिनियाचा 1786 चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर करून घेण्यात आणि 1791 मध्ये लागू झालेली पहिली घटनादुरुस्ती घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता. पण ती दुरुस्ती तेव्हा फक्त केंद्र सरकारला बांधील होती. म्हणून कनेक्टिकटमधल्या डॅनबरी भागातल्या बाप्टिस्टांनी 1801 मध्ये जेफर्सनला पत्र लिहिलं. धर्म आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा प्रसिद्ध उल्लेख त्याच्या 1 जानेवारी 1802 च्या उत्तरात आहे. प्रत्यक्षात कनेक्टिकटमधली सक्ती 1818 ला गेली आणि मॅसॅच्युसेट्समधली थेट 1833 ला.

आता एक अवघड गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. त्यानंतर बारा वर्षांनी, 1845 मध्ये, गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावं की नाही यावरून बाप्टिस्ट दुभंगले. दक्षिणेतल्यांनी गुलामगिरीची बाजू धरून वेगळी संघटना काढली. सदसद्विवेकावर दुसऱ्याची मालकी नसते हे ज्यांच्या पूर्वजांनी पाठीवर फटके घेऊन सांगितलं, त्यांनीच माणसावरची मालकी मान्य केली.

म्हणून या इतिहासाकडे बघताना मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, तुम्हीही विचारा : आपण मागतो आहोत ती आपल्यापुरती सवलत, की सगळ्यांचा हक्क? बॅकसला हा फरक कळला होता. तो कळल्यावर शेवटपर्यंत पाळणं किती कठीण असतं, हे 1845 ने दाखवलं. आज इथेच थांबू या.