माफिया : द सिटी ऑफ लॉस्ट हेवन

गुन्हेगारी जीवनावरील व्हिडिओ गेम. चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो येथील इल्युजन सॉफ्टवर्क्स या संस्थेने तो २००२ साली संगणकासाठी सिद्ध केला. कथालेखन व दिग्दर्शन डॅनियल व्हाव्रा यांचे.

कथानक लॉस्ट हेवन या कल्पित अमेरिकन शहरात १९३० ते १९३८ या काळात घडते. टॉमी अँजेलो हा टॅक्सीचालक. डॉन सालिएरीच्या टोळीतील पॉली व सॅम हे दोघे एका रात्री पिस्तुलाच्या धाकाने त्याच्या टॅक्सीत शिरतात, लगोलग प्रतिस्पर्धी मोरेलोची माणसे ती टॅक्सी फोडतात, आणि जीव वाचविण्यासाठी म्हणून तो जो सालिएरीच्या आश्रयाला जातो तो तेथलाच होऊन राहतो. ही हकीकत टॉमी स्वतःच, टोळीशी फाटल्यावर, नॉर्मन या पोलीस अधिकाऱ्यापुढे जबानीच्या रूपाने सांगत असल्यामुळे, ज्या धन्याचे हुकूम आपण इमानाने बजावीत आहोत त्याच्याच विरुद्ध ही साक्ष चालली आहे, हे खेळणाऱ्याच्या मनातून क्षणभरही जात नाही.

स्वभावदर्शनाची खरी किमया मात्र या खेळाच्या नियमांत आहे. ताशी ४० मैलांची मर्यादा ओलांडली किंवा लाल दिवा न जुमानता गाडी पुढे काढली, की पोलीस अडवून दंड करतात. साहजिकच खुनासाठी निघालेला मनुष्यही चौकात मुकाट्याने दिवा बदलण्याची वाट पाहतो, आणि कायद्याचा बाह्य आदर व अंतर्यामीचा विध्वंस यांचे साहचर्य कोणत्याही संवादाविना प्रत्ययास येते. आदल्याच वर्षीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ मध्ये नायक अखेरपर्यंत मुका आणि शहर खेळणाऱ्यास मोकळे. येथे नायक बोलका, परंतु खेळणाऱ्याचे हात बांधलेले.

हे बंधन काहींना उणीव वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते कथेचे सामर्थ्य त्यातच आहे. हॉटेलातील मिशेल ही तरुणी व टोळीचा मसलतगार फ्रँक या दोघांना ठार करण्याचा हुकूम असता टॉमी त्यांना सोडून देतो. हत्या करविण्यासाठी खेळणाऱ्याचा हात लागतो, दयेच्या प्रसंगी मात्र त्याची संमतीही विचारली जात नाही. आणि म्हणूनच टॉमी हे खेळणाऱ्याच्या इच्छेचे बाहुले न राहता स्वतंत्र सदसद्विवेक असलेला पुरुष ठरतो. या दोन्ही दयाकृत्यांचा जाब पुढे सॅम त्याला विचारतो, तोही पॉलीचा खून झाल्यावर आणि मैत्रीच्या बहाण्याने टॉमीला गाठून.

सालिएरी जन्मठेपेस गेल्यावर नवे नाव घेऊन राहणाऱ्या टॉमीला १९५१ मध्ये दोन इसम त्याच्या घरासमोर गोळ्या घालतात. २०१० च्या ‘माफिया २’ मध्ये हाच प्रसंग मारेकऱ्यांच्या बाजूने येतो : व्हिटो हा तेथील नायक असल्याने टॉमीच्या दारापर्यंत मोटार खेळणाऱ्यालाच न्यावी लागते, गोळी झाडतो तो व्हिटोचा सोबती जो.