मुखांतील जंतूंचा अन्ननलिकेंतील माग

हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी आंटोनी व्हान लेव्हनहुक यानें १६८३ सालीं आपल्याच दांतांवरील पांढरा लेप स्वतः घासलेल्या भिंगाखालीं धरला. त्यांत त्याला चपळाईनें हिंडणारे सूक्ष्म जीव दिसले, व ती हकीकत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविली. हे मुखवासी जंतु घशाखालीं उतरून अन्ननलिकेच्या मांसांत घर करतात काय, हा प्रश्न फार पुढचा. तो सोडविण्यास हत्यारेंच नव्हतीं.

१८८४ सालीं बर्लिन येथें हान्स क्रिश्चन ग्राम हा तरुण डॅनिश डॉक्टर न्यूमोनियानें मेलेल्यांचीं फुप्फुसें तपाशीत होता. पेशी व जंतु एकाच रंगांत बुडाले म्हणजे ओळखावयाचें कोणास? ग्रामनें जांभळ्या रंगावर आयोडीन घालून मग तुकडा अल्कोहोलनें धुतला. मांसाचा रंग गेला, कांहीं जंतूंचा राहिला. युक्ति नामी खरी; पण हिरड्या पोखरणारा ‘पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस’ हा जंतु मांसाप्रमाणेंच रंग सोडून देतो! शिवाय तो प्राणवायूचा वैरी. त्याला वाढवावयाचें तर रक्त घातलेलें खाद्य व प्राणवायु काढून घेतलेलें बंद पात्र हवें. रुग्णालयांत काढलेला अन्ननलिकेचा तुकडा तर बहुधा फॉर्मॅलिनमध्यें ठेवून मेणांत बसवितात. त्यांत जिवंत असें कांहींच उरत नाहीं.

यावर दोन उपाय निघाले. अमेरिकेंत आल्बर्ट कून्स यानें १९४१ सालीं, योगायोगानें न्यूमोनियाच्याच जंतूवर, नवा प्रयोग केला. विशिष्ट जंतूलाच चिकटणाऱ्या प्रतिद्रव्यास त्यानें चमकणारा रंग जोडला. मेलेला जंतूहि अशानें आपली जागा सांगूं लागला. दुसरा उपाय कॅलिफोर्नियांत कॅरी मुलिस याला १९८३ सालीं सुचला. जंतूच्या डीएनएचा ठराविक भाग आळीपाळीनें तापवून व निववून दर फेरीस दुप्पट करावयाचा. हिशेबानें ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींवर होतात. यांत मांस विरघळवावें लागतें, म्हणून जंतु होता हें कळलें तरी कोठें होता तें कळत नाहीं. एक रीत ठिकाण दाखविते, दुसरी प्रमाण.

चीनच्या हेनान प्रांतांत हा कर्करोग फार. तेथील १०० रुग्णांच्या तुकड्यांवर दोन्ही रीती चालविल्याचा अहवाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. प्रतिद्रव्याच्या रीतीनें हिरड्यांचा तो जंतु कर्करोगाच्या ६१ टक्के तुकड्यांत आढळला, शेजारच्या मांसांत १२ टक्के, आणि निरोगी अस्तरांत मुळींच नाहीं. त्याच वर्षीं जपानांत कुमामोतो येथें डीएनएच्या रीतीनें ३२५ गांठी तपासल्या. ७४ गांठींत ‘फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम’ हा दुसरा मुखजंतु निघाला, व ते रुग्ण इतरांपेक्षां कमी जगले.

मग कर्करोग यांनींच केला काय? तसें म्हणण्याची घाई करूं नये. गांठीनें नळी अरुंद होते, अन्न साचतें, आणि तेथें जंतूंना आयतें बिऱ्हाड मिळतें. रोग आधीं कीं जंतु आधीं, हें काढलेला तुकडा सांगूं शकत नाहीं. शिवाय लाळ दिवसभर याच वाटेनें उतरते; पृष्ठभागावर नुसता पडलेला जंतूहि डीएनएच्या परीक्षेंत मांसांतला म्हणून गणला जाण्याची भीति असते. औषधी द्रव्यांतूनहि परका डीएनए येऊं शकतो. म्हणून सावध प्रयोगशाळेंत तुकड्यांच्या नळ्यांबरोबर एक नळी निव्वळ शुद्ध पाण्याची ठेवतात. तिच्यांत जंतु ‘सांपडला’, तर त्या दिवशींचें सारें काम रद्द समजून पुन्हां पहिल्यापासून करतात.