ईस्टरची गोष्ट, ओवीच्या चालीत



ईस्टर जवळ आला की इथल्या दुकानांत चॉकलेटची अंडी आणि ससे मांडले जातात. मुलं त्यात रमतात, रमू द्या. पण आपल्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत एक प्रश्न दरवर्षी उरतो: मूळ गोष्ट मुलांना कोण सांगणार, आणि कोणत्या भाषेत? या प्रश्नाला चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाने उत्तर दिलं होतं. आज त्याच्याबद्दल बोलूया.

फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे विल्टशरचे. 1579 मध्ये ते गोव्यात पोहोचले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं मुख्यतः साष्टी भागात राहिले. तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळं पाडली होती, जुनी पुराणं वाचायला मनाई होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची अडचण स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच मांडली आहे: जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय?

त्याचं उत्तर म्हणजे ‘क्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचा जन्म, दुःखभोग आणि पुनरुत्थान. चाल आपल्या ओळखीची, ओवीची. रविवारी आणि सणाला चर्चमध्ये हे पुराण मोठ्याने वाचलं जाई. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही कथा ऐकता येई.

पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. क्रिस्तपुराणाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. मग ग्रंथ वाचला कसा?

गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखितं सोबत नेली होती. घरात बोलणं कोंकणीतून, तरी हे मराठी पुराण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. त्या भागातल्या हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघाली. एक देवनागरी हस्तलिखित तर लंडनमध्ये, सोअस या संस्थेच्या ग्रंथालयात आहे. म्हणजे ज्यांनी गाव सोडलं, त्यांच्यामुळेच हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला. आपण सगळेच गाव सोडून आलेलो. म्हणून ही गोष्ट मला तुम्हाला सांगावीशी वाटली.

आता या वर्षी घरी काय करता येईल? पवित्र आठवड्यात रोज जेवणानंतर दहा मिनिटं काढा. गुरुवारी शेवटचं भोजन, शुक्रवारी क्रूस, शनिवारी कबरेपाशी शांतता. रविवारी सकाळी रिकामी कबर. त्या त्या प्रसंगाच्या चार-पाच ओव्या एकाने म्हणायच्या आणि मुलांनी अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. रविवारी मरीया मग्दालीया कोण होणार हे मुलांनाच ठरवू द्या. आजी-आजोबा भारतात असतील तर व्हिडिओ कॉलवर ओव्या त्यांच्याकडून म्हणवून घ्या. जुनी मराठी अवघड वाटली तर 2009 मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी केलेलं आजच्या मराठीतलं रूपांतर मदतीला आहे.

मुलं मध्येच इंग्रजीत बोलतील. बोलू द्या. स्टीफन्सनाही मराठी मोठेपणीच शिकावी लागली होती. कथा मात्र तुम्ही मराठीत सांगा, कारण ती भाषा त्यांच्या कानावर पडायला घराशिवाय दुसरी जागा इथे फारशी नाही.

तुम्हा सर्वांना पुनरुत्थानदिनाच्या मनापासून शुभेच्छा. पुन्हा भेटूया.