पॉझिटिव्ह म्हणजे काय?

सीताबर्डीला आम्ही नागपूरकर नुसते बर्डी म्हणतो. तिथल्या एका लॅबमधून खालाजानचा रिपोर्ट घेतला, तेव्हा जिन्यातच खालूंनी विचारले, "पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच ना?" कागदावर होते: ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. शब्द शिकवणे हा माझा पेशा, पण मलाही उत्तर देता आले नाही. खालाजान तर म्हणाल्या, "आता इलाज कशाला?" त्या भीतीपोटी मी या तपासणीचा इतिहास वाचला.

१९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सांभाळली. त्या काळी गाठीचा पातळ काप निळ्या-गुलाबी रंगात रंगवायचा आणि पेशींचा आकार पाहून निदान करायचे. पण वेगवेगळ्या गाठी कधीकधी सारख्याच दिसतात. तिथे अनुभवी नजरही अडते.

योगायोग असा की त्याच १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडल्याचे प्रसिद्ध केले. प्रतिपिंड आपल्या ठरावीक प्रथिनालाच चिकटते, जशी एका कुलपाला एकच किल्ली. म्हणजे जिथे रंग दिसेल, तिथे ते प्रथिन आहे. १९६६ मध्ये नाकाने आणि पीअर्स यांनी चमकत्या रंगाऐवजी एन्झाइम जोडले, आणि साध्या सूक्ष्मदर्शकातही खूण दिसू लागली. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी हवे ते एकाच प्रकारचे प्रतिपिंड सतत बनवण्याची रीत शोधली. १९८४ चे नोबेल त्यांना मिळाले. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो वापरला.

आज या तपासणीने गाठ लिंफोमा आहे की कार्सिनोमा हे कळते. स्तनाच्या गाठीत ईआर पॉझिटिव्ह म्हणजे पेशींमध्ये इस्ट्रोजेन हार्मोनचा स्वीकारक आहे, म्हणून ते हार्मोन रोखणारी गोळी उपयोगी पडू शकते. एचआयव्ही आणि कोविडने आपल्याला 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा एकच अर्थ शिकवला. इथे तो शब्द इलाजाची वाट दाखवतो.

डॉक्टरांनी हेच समजावल्यावर खालाजान तयार झाल्या. आता त्या रोज गोळी घेतात. माझी विनंती एवढीच: रिपोर्ट हाती आला की स्वतः निकाल लावू नका, डॉक्टरांना अर्थ विचारा. आणि गाठीचा मेणातला ब्लॉक मिळाला तर जपून ठेवा. पुढची तपासणी त्यावरच होऊ शकते.