तेलाची काटकसर आणि वेळेचा हिशेब



जालन्याच्या माणसाला हिशेब शिकवायला कोणी बाहेरून येऊ नये, हे मी जाणून आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या बाजारपेठेने मिळवली, तिथे दमडीचा जमाखर्चही लोक तोंडी करीत आले. तरी इथल्या मोटारवाल्यांची एक तक्रार हल्ली कानी येते. समृद्धी महामार्गामुळे नागपूर जवळ आले खरे, पण टाकी पूर्वीपेक्षा लवकर आटते! गाडी तीच, चालवणारा तोच, रस्ता तर आरशासारखा; मग तेल जाते कुठे? या प्रश्नाचे अर्धे उत्तर यंत्रशास्त्रात आहे. उरलेले अर्धे इतिहासात आहे, आणि आज मी मुख्यतः तेच सांगणार आहे.

आपल्या भागात मोटार तशी उशिराच रुळली. रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्यावरून धावू लागली. निजामाच्या राज्यात सरकारी रेल्वेने बससेवा काढली ती १९३२ साली, अवघ्या २७ गाड्यांनिशी. दहा वर्षे होतात न होतात तोच महायुद्धाचा फटका बसला. १९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग आले. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि येनांजाउंगच्या तेलविहिरी माघार घेणाऱ्या इंग्रजांनी स्वतःच्या हातांनी उद्ध्वस्त केल्या. घरचे तेल म्हणजे मुख्यतः आसामातल्या दिगबोईचे. ते एवढ्या देशाला कुठून पुरणार?

त्या टंचाईतून देशभर कोळशाची गाडी निघाली. वडीलधाऱ्यांच्या आठवणींत ती अजून आढळते. बसच्या मागे लोखंडी भट्टी बसवलेली असे. तीत लोणारी कोळसा भरायचा, पेटवायचा आणि क्लीनरने हाताने पंखा फिरवीत बसायचे. हवा मुद्दाम कमी सोडली, की कोळसा पुरता न जळता त्यातून जळाऊ वायू निघतो. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडला, की गाडी चाले. चाले म्हणजे काय, तर बऱ्याच खटपटीनंतर धापा टाकीत निघे. इंजिनाचे बळ तिसऱ्या हिश्श्याने तरी घटे. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे, आणि वेळप्रसंगी तिकीट काढलेल्यांनीच धक्का द्यायचा! वाटेत कोळसा भरा, राख काढा, गाळणी साफ करा, हे होतेच. शिवाय तो वायू विषारी. बंद जागेत भट्टी धुमसत ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ होता.

युद्ध संपून पेट्रोल पुन्हा मिळू लागले, तशा या भट्ट्या भंगारात गेल्या. कुणाला त्याचे वाईट वाटले असेल असे मला वाटत नाही. पेट्रोल वाचले होते, पण त्याची किंमत वेळेने आणि घामाने मोजलेली होती.

दुसरा धक्का १९७३ चा. अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाने १९७४ च्या जानेवारीत कायदा करून रस्त्यावरचा वेग ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांवर आणला. तेल वाचवण्यासाठी एका राष्ट्राने समजून उमजून आपला वेळ खर्ची घातला! तो निर्बंध पुरता उठायला १९९५ साल उजाडले. आपल्याकडे १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरांनी गाडी हाका, असे ती सांगू लागली. १९८३ साली मारुती आली. अ‍ॅम्बॅसडर अकराशे किलोंहून जड, तर ही सुमारे साडेसहाशेची. वजन घटले तसे तेलही घटले. आपली एस.टी. मात्र आजही दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर झाले याचा हिशेब ठेवते. तिथे काटकसर उपकरणाची नसून चालकाच्या पायाची असते, हे त्या खात्याने केव्हाच ओळखले आहे.

आता समृद्धीकडे येऊ. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीची गाडी एकशेवीसवर नेली, तर वेग दीडपट होतो, पण विरोध सव्वादोनपट! तेल जाते ते इथे, हवा कापण्यात. टाकीत टाकायच्या गोळ्या नि नळीला बांधायची लोहचुंबके विकणाऱ्यांपासून म्हणूनच सावध असावे. धडधाकट इंजिन आपल्याला मिळालेले जवळजवळ सारे तेल जाळतेच. त्यातली बहुतेक उष्णता धुरावाटे आणि रेडिएटरवाटे निघून जाते, ती चुंबकाने परत येत नाही. टायरमधली हवा मात्र गार चाकावर अवश्य तपासावी. कमी हवेचे चाक तेल खाते, आणि वेगात तापून फुटते ते वेगळेच. थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद करावे. या दोन काटकसरींना वेळ द्यावा लागत नाही.

वेगाचे तसे नाही. जालना-नागपूर सोयीसाठी ३६० किलोमीटर धरा. समजा, ऐंशीने गाडी लिटरला वीस किलोमीटर देते आणि एकशेवीसने पंधरा. पहिल्या हिशेबाने १८ लिटर आणि साडेचार तास. दुसऱ्याने २४ लिटर आणि तीन तास. लिटर शंभर रुपयांचा धरला, तर दीड तास सहाशे रुपयांना पडला, म्हणजे तासाला चारशे. रुग्णाला नागपूरला नेणाऱ्याला हा भाव फुकट वाटेल. लग्नाला निघालेल्याने मुहूर्त किती वाजताचा आहे ते आधी पत्रिकेत पाहावे.