कमलाबाई सोहोनी आणि आपली चूल

विज्ञान म्हटले म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजणी ते मुलांच्या पुस्तकातले म्हणून बाजूला ठेवतात. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारखीने त्यावर लिहावे हे कोणास धाडसाचेही वाटेल. परंतु ज्या बाईंविषयी मी लिहीत आहे त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला तो दूध, कडधान्ये, बटाटा आणि नीरा यांचा. म्हणजे आपल्याच घरातल्या जिनसांचा.

कमलाबाई सोहोनी या माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील व चुलते दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या व त्यांनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. तेथे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारला गेला.

दुसरी एखादी रडत घरी बसली असती. कमलाबाई थेट बंगलोरला जाऊन उभ्या राहिल्या व कारण विचारले. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही. गुरू सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावे लागेल. त्यांच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट वाचताना आजही राग येतो. त्यांनी मात्र अटी मान्य केल्या आणि श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दुधातील व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांची खात्री पटली व पुढे तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला. रामन थोर शास्त्रज्ञ, यात शंका नाही. पण पारख करण्यापूर्वीच निकाल देणे ही काही शास्त्राची रीत नव्हे, आणि हे त्यांना एका मुलीने दाखवून दिले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी नावाचे द्रव्य आढळले. खाल्लेल्या अन्नातून प्राणवायूच्या साहाय्याने शक्ती निर्माण होते, त्या कामी हे द्रव्य लागते. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली डॉक्टर होऊन त्या मायदेशी परतल्या व १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या.

तेथे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारख्या कडधान्यांचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यात प्रथिने पचू न देणारे एक द्रव्य असते. नीट शिजवले की ते बरेचसे नाहीसे होते. आपल्या आज्या-पणज्या वाल भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून वाढत, त्याचे हे एक कारण. त्यांना ते प्रयोगशाळेने सांगितले नव्हते, पण प्रयोगशाळेने त्यांचे खरे ठरवले.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे काम हाती घेतले. झाडाचा हा ताजा रस आंबण्यापूर्वी प्यावा लागतो. आंबला की त्याची ताडी होते. नीरेत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना ती दिली असता त्यांची प्रकृती सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आपल्या सुरगाणा तालुक्यात राहणाऱ्या बाईला ही हकिकत परक्या मुलखाची वाटणार नाही.

१९६६ साल मला विशेष वाटते. त्या वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, शास्त्र मराठीतून घरोघर न्यावे म्हणून. त्याच वर्षी तेथेच नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. कमलाबाई १९८२-८३ मध्ये या दुसऱ्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या व तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत असत. मुलांसाठीही त्यांनी मराठीत विज्ञानाची पुस्तके लिहिली. एवढी विद्वान बाई, पण ग्राहकांना समजेल असे लिहिण्यात तिला कमीपणा वाटला नाही. १९९८ मध्ये त्या वारल्या.

भेसळीच्या दोन परीक्षा तर आपणही करू शकतो. ओल्या टीपकागदावर चहाची पूड भुरभुरावी. वरून रंग चढवला असेल तर कागदावर लगेच डाग पसरतो. दूध उकळून गार करावे व त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळे झाले तर त्यात पीठ मिसळले आहे असे समजावे. तपासलेले दूध मात्र ओतून द्यावे, पिऊ नये.

२८ फेब्रुवारीला शाळांतून विज्ञान दिन साजरा होतो. रामन यांच्या १९२८ मधील शोधाचा तो दिवस, १९८७ पासून पाळला जातो. येत्या विज्ञान दिनी मुलींबरोबर चहाची पुडी आणि वाटीभर दूध पाठवायचे असे आम्ही चौघींनी ठरवले आहे. टीपकागद मी आणणार आहे. आयोडीन कोणी आणायचे ते अजून ठरायचे आहे.